मल्चिंग पेपर आणि शेततळ्याच्या कागदाची जाडी डिजिटल गेजने कशी तपासावी?

जुन्नर, आंबेगाव तालुक्यांत टोमॅटो, मिरची, कलिंगड या पिकांसाठी मल्चिंग पेपरचा वापर सर्रास होतो. अणे पठार किंवा लोणी-धामणीसारख्या कमी पाण्याच्या भागात उन्हाळी पीक शेततळ्यातील साठ्यावर उभे असते. दोन्ही ठिकाणी प्लॅस्टिकचा भाव मायक्रॉनवर ठरतो, मात्र रोल उघडून जाडी मोजणारे शेतकरी थोडेच. 25 ऐवजी 20 मायक्रॉनचा पेपर हाताला सारखाच लागतो. फरक कळतो तो लव्हाळा पेपर फोडून वर आल्यावर, किंवा पीक निघाल्यावर पेपर गोळा करताना त्याचे तुकडे मातीतच राहिल्यावर.

एक मिलिमीटर म्हणजे 1000 मायक्रॉन. तीन-चार महिन्यांच्या पिकासाठी साधारण 25 ते 30 मायक्रॉन, वर्षभराच्या पिकासाठी 50 मायक्रॉन, पॉलिहाउससाठी 200 मायक्रॉन आणि शेततळ्याच्या अस्तरीकरणासाठी 500 मायक्रॉनचा कागद वापरतात.

गेज कोणते घ्यावे?

इथेच बहुतेकांची चूक होते. बाजारातील स्वस्त डिजिटल गेज आणि व्हर्नियर 0.01 मि.मी., म्हणजे 10 मायक्रॉनच्या टप्प्याने आकडा दाखवतात. शेततळ्याच्या कागदाला ते चालतात. 25 मायक्रॉनच्या पेपरवर मात्र ते 0.02 किंवा 0.03 दाखवतील आणि त्यातून काहीच सिद्ध होणार नाही. मल्चिंगसाठी 0.001 मि.मी. वाचणारा डिजिटल मायक्रोमीटर हवा. गटशेतीत किंवा शेतकरी उत्पादक कंपनीत एक घेतला तरी पुरतो.

तो नसल्यास साध्या गेजवर पेपरच्या 20 घड्या एकावर एक ठेवून मोजाव्यात. 25 मायक्रॉनच्या पेपरचे माप 0.50 मि.मी.च्या आसपास यावे. 0.40 आले तर पेपर 20 मायक्रॉनचा आहे. घड्यांमधील हवा दाबून काढावी. हवा किंवा धूळ राहिली तर जाडी जास्त दिसते, म्हणजे चूक विक्रेत्याच्या फायद्याची होते.

मोजताना

जबडे स्वच्छ कपड्याने पुसून, मिटवून शून्य करावे. उन्हात तापलेला पेपर मऊ पडतो व दाबला जातो, म्हणून सावलीत मोजावे. मायक्रोमीटर असल्यास मागच्या रॅचेटनेच फिरवावा. हाताने आवळल्यास माप कमी येते. रोलचे पहिले एक-दोन वेढे सोडून, रुंदीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दहा ठिकाणी मोजून सरासरी काढावी. एखाद-दुसरा मायक्रॉन इकडेतिकडे होणारच. त्यावरून भांडू नये. सगळेच आकडे खाली असतील तर मात्र रोल परत करावा.

शेततळ्याचा विणकाम असलेला कागद मोजताना टोकदार जबडा धाग्यांच्या मधे बसतो आणि आकडा फसवा येतो. सपाट, रुंद चकतीचे गेज वापरावे. जोडाच्या जागी कागद दुहेरी असतो, तिथे मोजू नये. गेज कागदाच्या मध्यापर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे काठावरच्या चरात गाडण्यासाठी जादा ठेवलेल्या भागातून तुकडा कापून घ्यावा, पण कागद अंथरण्याआधी.

काट्यावर पडताळणी

गेजच्या जोडीला वजन करावेच. लांबी (मीटर) × रुंदी (मीटर) × मायक्रॉन × 0.92, भागिले 1000, म्हणजे किलो. 400 मीटर लांब, 1.2 मीटर रुंद, 25 मायक्रॉनचा रोल आतली पुठ्ठ्याची नळी वगळून 11 किलोच्या आसपास भरतो. 20 मायक्रॉनचा 9 किलोच्या आत. वजन बरोबर आणि गेजवर जाडी कमी, असे आढळल्यास प्लॅस्टिकमध्ये खनिज भुकटी जास्त मिसळलेली असू शकते. उलट जाडी बरोबर पण वजन कमी असेल तर रोल लांबीला कमी असण्याची शक्यता धरावी.

बिलावर मायक्रॉन, लांबी, रुंदी व निव्वळ वजन लिहून घ्यावे. ते लिहायला विक्रेता तयार नसेल तर दुसरे दुकान पाहावे. फूटभर चौरस तुकडा दोघांच्या सह्या व तारखेसह पाकिटात घालून, पीक निघेपर्यंत सावलीत जपून ठेवावा. शेततळ्याच्या कागदाचा तुकडा हमीची मुदत संपेपर्यंत ठेवावा.