एका वैमानिकाचे आईस पत्र



परिचारिकेच्या नोकरीत आमची अनेक वर्षे गेली. रुग्ण दगावला की त्याच्या वस्तू गोळा करून नातेवाइकांच्या हवाली करण्याचे काम आमच्याकडे असे. घड्याळ, चष्मा, दातांची कवळी, पाकीट या सर्वांची यादी करायची आणि खाली दोघींनी सह्या करायच्या. कधी उशीखाली एखादे पत्र सापडे. त्याची नोंद करताना मात्र हात थांबे. म्हणूनच १९४० सालच्या एका पत्राची हकीकत आम्हांला जवळची वाटते. ती आज सांगतो.

व्हिव्हियन रोझवॉर्न हा इंग्लंडच्या हवाई दलातील तरुण अधिकारी. नॉरफॉकमधील मारहॅमच्या तळावर ३८व्या स्क्वॉड्रनमध्ये तो वेलिंग्टन नावाचे बॉम्बफेकी विमान चालवीत असे. १९४०च्या मे महिन्यात जर्मन फौजांनी ब्रिटिश व फ्रेंच सैन्य डंकर्कच्या किनाऱ्यावर कोंडले. २६ मे ते ४ जून या दिवसांत ३,३८,०००हून अधिक सैनिकांना जहाजांतून व होड्यांतून इंग्लंडला आणले. त्यांचा पाठलाग करणाऱ्या जर्मनांवर बॉम्ब टाकण्यासाठी रात्री विमाने जात. त्यांतील एक परतले नाही. रोझवॉर्न त्यात होता. त्याने वयाची पंचविशीही गाठली नव्हती.

तळाचे प्रमुख ग्रुप कॅप्टन कीथ यांना त्याच्या सामानात आईच्या नावाचे पत्र सापडले. पाकीट उघडेच होते, कारण लढाईच्या दिवसांत पत्रे सेन्सॉरच्या हातून जात. आपण परतलो नाही तर आईला मिळावे म्हणून त्याने ते लिहून ठेवले होते. आईच्या परवानगीने ते लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये १८ जून १९४० रोजी छापले गेले, पण नावाशिवाय. फ्रान्सने आदल्याच दिवशी तहाची भाषा केली होती. इंग्लंड एकटे पडले होते. अशा वेळी ते पत्र घरोघर वाचले गेले. त्याची पुस्तिका निघाली आणि वर्षअखेरपर्यंत ५ लाखांवर प्रती खपल्या. १९४१ साली त्यावर छोटा चित्रपटही निघाला. नाव नसल्याने कित्येकांना शंका आली की हे पत्र सरकारनेच रचले असावे. पुढे नाव जाहीर झाले.

पत्रात काय होते? मरणाचे भय नाही आणि आईने दुःख करीत बसू नये, असे तो लिहितो. ब्रिटिश साम्राज्याची तो थोरवी गातो. हा भाग वाचताना आम्ही थोडे अडखळतो. आमच्या समाजातील पुष्कळांचे आजे-पणजे इंग्रजांच्या पलटणीत होते हे खरे. पण १९३९ साली व्हाइसरॉयने हिंदी पुढाऱ्यांना न विचारताच हिंदुस्थान लढाईत उतरवला, हेही खरे. तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलाला जे शिकवले गेले तेच त्याने लिहिले. त्याबद्दल त्याला दोष कसा द्यावा?

आमच्या मनाला भिडले ते दुसरेच. तो आईला सांगतो की तू सतत आलेल्या अडचणी धीराने सोसून मला वाढवलेस, शिकवलेस, आणि तुझा त्याग माझ्या त्यागाइतकाच मोठा आहे. ब्रिटनच्या बॉम्बफेकी दलात सुमारे १,२५,००० जण उडाले. त्यांपैकी ५५,५७३ मेले. इतक्या घरी वाईट बातमी गेली. पण ‘तुझे कष्ट मी पाहिले होते’ एवढे शब्द त्यांतल्या किती आयांना मिळाले असतील?

आम्ही या देशात आलो तेव्हा मुंबईला निळे एअरोग्राम पाठवीत होतो. ‘इकडील सर्व कुशल, काळजी नसावी.’ घराची अडचण, भाषेची अडचण, एकटेपण यांतले काही लिहीत नसू. आई गेल्यावर भावाने ती सारी पत्रे दोऱ्याने बांधून आम्हांला दिली. एका रात्री बसून सर्व वाचली. आमच्या शाळेच्या फीसाठी आईने रात्री जागून शेजाऱ्यांचे कपडे शिवले होते. त्याबद्दल एकाही पत्रात एक ओळ नव्हती. आम्हांला वेळ पुष्कळ होता. त्या मुलाला नव्हता, तरी त्याने लिहिले.

लोद, अश्दोद, दिमोना येथील कपाटांत अशी कितीतरी मराठी पत्रे पडून असतील. आमच्या नातवंडांना देवनागरी वाचता येत नाही. आमच्यामागे ती पत्रे म्हणजे नुसते निळे कागद. म्हणून एवढीच विनंती, की ती पत्रे फेकू नका. नातवंडांना जवळ बसवून एकदा मोठ्याने वाचून दाखवा, आणि कठीण शब्दाचा अर्थ हिब्रूत सांगा. आणि ज्यांची आई अजून आहे त्यांनी राहिलेली ती ओळ आजच लिहावी. नाही तर फोन करून सांगावी.