खेळामुळे मुले जीव देतात का? एका जुन्या अमेरिकी भीतीची गोष्ट

काही दिवसांपूर्वी एक बाई आपल्या पंधरा वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आल्या. तक्रार मुलाची नव्हती, बाईंची होती. त्यांनी पर्समधून एक छोटी कापडी पिशवी काढली आणि माझ्या टेबलावर उपडी केली. रंगीबेरंगी फासे घरंगळत स्टेथोस्कोपपर्यंत आले. काही चार बाजूंचे, काही आठ बाजूंचे, आणि एक तर चांगला वीस बाजूंचा.

"डॉक्टर, हा दर शनिवारी मित्राकडे जाऊन चार-चार तास राक्षस मारत बसतो. मी नेटवर वाचलं, या खेळापायी अमेरिकेत मुलांनी जीव दिलेत. खरं आहे का हे?"

"नाही" असे एका शब्दात सांगून मोकळे होता आले असते. पण असा प्रश्न विचारणाऱ्या त्या पहिल्या नाहीत. शिवाय या समजुतीच्या मागे जी गोष्ट आहे ती आम्हा डॉक्टरांनीही लक्षात ठेवावी अशी आहे. म्हणून हा लेख.

आधी खेळ काय आहे ते पाहू. त्याचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. तुम्ही 'स्ट्रेंजर थिंग्ज' ही मालिका पाहिली असेल तर त्यातली मुले तळघरात बसून हाच खेळतात. पटावर सोंगट्या सरकवण्यापेक्षा हा जास्त गोष्ट सांगण्याचा खेळ आहे. एक जण सूत्रधार होतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात: कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. सूत्रधार सांगतो, "समोर बंद दरवाजा आहे, आतून घोरण्याचा आवाज येतोय." तुम्ही सांगता काय करणार. जमले की नाही हे फासा ठरवतो. जिंकणे-हरणे असे फारसे नसतेच, आणि एक गोष्ट वर्षानुवर्षे चालू शकते.

हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तयार केला आणि जानेवारी १९७४ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावातून बाजारात आणला. पहिली आवृत्ती एक हजार प्रतींची, किंमत दहा डॉलर. गायगॅक्स पूर्वी एका विमा कंपनीत जोखीम तोलण्याचे काम करत. ती नोकरी गेल्यावर त्यांनी काही काळ जोडे दुरुस्त करून घर चालवले. ज्या माणसाचे पोट शक्यतांच्या हिशोबावर चालायचे, त्याने फाशांचा खेळ काढला यात मला तरी नवल वाटत नाही. पुढे हाच हिशोब न समजल्यामुळे या खेळावर किटाळ आले.

१५ ऑगस्ट १९७९. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीतला जेम्स डॅलस एग्बर्ट नावाचा विद्यार्थी वसतिगृहातून नाहीसा झाला. वय सोळा. विलक्षण हुशार, म्हणून इतक्या लहान वयात विद्यापीठात आलेला. वर्गातली इतर मुले त्याच्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी. आई-वडिलांनी विल्यम डिअर नावाचा खासगी गुप्तहेर नेमला. डिअर यांना चौकशीत कळले की मुलगा हा नवा खेळ खेळायचा, आणि विद्यापीठाच्या इमारतींखाली वाफेचे नळ नेणारी भुयारे आहेत. त्यांनी दोन्ही गोष्टी जोडल्या: खेळात भुयारे असतात, इथेही भुयारे आहेत, म्हणजे मुलगा खेळ खरा समजून आत शिरला असेल. हा केवळ तर्क होता. वर्तमानपत्रांनी तो उचलून धरला आणि ज्यांनी खेळाचे नावही ऐकले नव्हते त्या घरांत त्याची दहशत पोचली. (खपही त्याच सुमारास वाढला, हे ओघाने आलेच.)

मुलगा महिन्याभराने लुइझियाना राज्यात, घरापासून खूप दूर, जिवंत सापडला. तो भुयारात गेला होता हे खरे, पण राक्षस शोधायला नव्हे. तो तिथे आयुष्य संपवायला गेला होता. ते जमले नाही म्हणून ओळखीच्यांकडे लपत राहिला. एकटेपणा, अभ्यासाचे आणि घरच्या अपेक्षांचे ओझे, नशेच्या पदार्थांचा वापर, खोल नैराश्य हे सगळे त्याच्या मागे होते. हे डिअर यांना मुलगा सापडल्यावर कळले. पण गुप्तता पाळण्याचे वचन त्यांनी त्याला दिले होते, म्हणून ते गप्प राहिले. ऑगस्ट १९८० मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, त्या मुलाने आत्महत्या केली. कशी, ते मी मुद्दाम लिहीत नाही. आत्महत्येबद्दल लिहिताना पद्धतीचे वर्णन टाळावे असे जागतिक आरोग्य संघटनेचे पत्रकारांना सांगणे आहे, आणि ते डॉक्टरांच्या लेखांनाही लागू आहे.

डिअर यांनी सगळी हकीकत पुस्तकात सांगितली ती १९८४ मध्ये. तोवर फार उशीर झाला होता. मधल्या काळात रोना जॅफ यांची त्याच विषयावरची 'मेझेस अँड मॉन्स्टर्स' ही कादंबरी १९८१ मध्ये आली, आणि १९८२ मध्ये तिच्यावरून टीव्हीसाठी चित्रपट निघाला. त्यातला खेळात भान हरपलेला मुलगा म्हणजे तरुण टॉम हँक्स. लोकांच्या मनात खरा डॅलस राहिला नाही, टॉम हँक्स राहिला.

त्याच १९८२ मध्ये व्हर्जिनिया राज्यात पॅट्रिशिया पुलिंग या बाईंच्या सोळा वर्षांच्या मुलाने आत्महत्या केली. तो शाळेत हा खेळ खेळायचा. खेळात कोणीतरी त्याच्या पात्राला शाप दिला होता, असे आईला समजले. त्यांनी मुख्याध्यापकांवर आणि खेळ काढणाऱ्या कंपनीवर दावे लावले. ते न्यायालयात टिकले नाहीत. मग त्यांनी या खेळाविरुद्ध एक संघटना काढली, पोलिसांसाठी व्याख्याने दिली, टीव्हीवर गेल्या. १९८५ मध्ये '६० मिनिट्स' या गाजलेल्या कार्यक्रमात त्या आणि गायगॅक्स दोघेही दिसले. एक मानसोपचारतज्ज्ञही त्यांच्या बाजूने उभे राहिले, त्यामुळे आरोपाला वैद्यकीय वजन आले.

या बाईंची टर उडवणे सोपे आहे, आणि बऱ्याच जणांनी ती उडवलीही. मला ते जमत नाही. मूल असे गेल्यावर आई-बापांना "का?" या प्रश्नाखेरीज दुसरे काही सुचत नाही. अशा पालकांसमोर मी बसलो आहे. "आम्हाला कळलं कसं नाही?" हे ओझे पेलण्यापेक्षा बाहेरचा एखादा गुन्हेगार सापडणे सुसह्य असते. दुःख समजण्यासारखे आहे. चूक होती ती पुराव्यात.

तो पुरावा म्हणजे एक यादी: ज्यांनी आत्महत्या केली किंवा खून केला, आणि जे हा खेळ खेळत होते. १९८५ च्या सुमारास या यादीत काही डझन नावे होती. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. पण थांबा. समजा मी मुंबईत काल अपघातात जखमी झालेल्यांची यादी केली आणि त्यातल्या बहुतेकांनी सकाळी चहा घेतला होता असे सिद्ध केले, तर चहामुळे अपघात होतात असे तुम्ही म्हणाल का? नाही म्हणणार. तुम्ही विचाराल, चहा पिऊनही ज्यांना काही झाले नाही ते किती? आणि चहा न पिता जखमी झालेले किती? पीएसएमच्या तासाला आम्हाला चार खणांचा तक्ता शिकवतात तो यासाठीच. यादीवाला माणूस चारपैकी एकच खण भरतो आणि उरलेले तीन रिकामे ठेवतो.

ते खण आपण ढोबळ मानाने भरून पाहू. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत १५ ते २४ वयोगटात दर लाखामागे वर्षाला सुमारे १२ आत्महत्या होत. खेळाडूंची संख्या तेव्हा तीस लाखांच्या घरात सांगितली जाई. खेळाचा चांगला-वाईट काहीच परिणाम नाही असे धरले, तर तीस लाख तरुणांमध्ये वर्षाला अपेक्षित आत्महत्या: ३० गुणिले १२, म्हणजे ३६०. सगळेच खेळाडू या वयाचे नव्हते, काही लहान होते, तेव्हा आकडा निम्मा धरा. तरी १८० उरतात. म्हणजे खेळ पूर्ण निर्दोष असता तरी दर वर्षी शंभरावर नावे मिळायला हवी होती. कित्येक वर्षे शोधून मिळाली काही डझन. यावरून "खेळ मुलांना वाचवतो" असे कोणी म्हणू नये, कारण यादी अपुरी असणारच. पण तो मारतो असे या यादीवरून म्हणता येत नाही, हे नक्की.

हा हिशोब मांडणाऱ्यांत मायकल स्टॅकपोल हे लेखक प्रमुख होते. ते स्वतः असेच खेळ रचणारे, त्यामुळे निःपक्षपाती नव्हेत, हेही सांगितले पाहिजे. १९९० मध्ये त्यांनी पुलिंग यांच्या दाव्यांची तपासणी करणारा अहवाल लिहिला. त्यातला एक प्रसंग माझ्या लक्षात राहिला आहे. रिचमंड परिसरातले आठ टक्के लोक सैतानपूजक आहेत, असे बाईंनी पत्रकाराला सांगितले होते. आकडा आला कुठून? तर चार टक्के किशोर आणि चार टक्के प्रौढ, मिळून आठ. वर्गातल्या चार टक्के मुली आणि चार टक्के मुले नापास झाली तर वर्गाचे किती टक्के नापास झाले, हे आपल्याकडच्या सातवीच्या मुलालाही सांगता येईल.

आकडे गुंडाळून ठेवण्याचा दोष फक्त सामान्यांचा नाही. आमच्या बिरादरीतले उदाहरण जुने आहे. फ्रेडरिक वर्दम हे न्यूयॉर्कचे मानसोपचारतज्ज्ञ, हार्लेममधल्या गरीब काळ्या रुग्णांसाठी दवाखाना चालवणारा भला माणूस. त्यांनी १९५४ मध्ये 'सिडक्शन ऑफ द इनोसंट' हे पुस्तक लिहून कॉमिक्समुळे मुले गुन्हेगार होतात असे ठामपणे मांडले. अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. त्याच वर्षी प्रकाशकांनी धास्तावून स्वतःवर कडक आचारसंहिता लादून घेतली. वर्दम यांची कागदपत्रे पुढे अभ्यासकांना खुली झाली, तेव्हा कॅरल टिली या संशोधिकेने ती तपासली आणि २०१२ मध्ये दाखवून दिले की त्यांनी मुलांची वये, त्यांचे शब्द आणि हकिगती सोयीने बदलल्या होत्या. हेतू चांगला असला की माणूस स्वतःच्या नोंदींकडे संशयाने पाहत नाही.

खेळाविषयी पुढे मानसशास्त्राच्या लोकांनी अभ्यास केले. १९८७ मध्ये ६८ खेळाडूंच्या व्यक्तिमत्त्वचाचण्या घेतल्या. जास्त खेळणारे भावनिकदृष्ट्या जास्त अस्थिर आहेत असे दिसले नाही. १९९८ च्या एका अभ्यासात नैराश्य आणि आत्महत्येचे विचार या दोन्ही बाबतींत खेळाडू आणि इतर विद्यार्थी यांच्यात फरक आढळला नाही. अभ्यास छोटे आहेत, त्यांच्यावर इमारत उभी करता येणार नाही. पण आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी आरोप करणाऱ्याची असते.

आणि १९९४ मध्ये तर वेगळेच घडले. वेन ब्लॅकमन या डॉक्टरांनी मानसोपचाराच्या एका अमेरिकी नियतकालिकात एका तरुणाची केस लिहिली. माणसांपासून तुटलेला, भावना शब्दांत मांडता न येणारा मुलगा. मित्रांबरोबर तो हाच खेळ खेळत होता. ब्लॅकमन यांनी तो बंद करायला सांगितला नाही. उलट खेळात काय झाले यावरूनच बोलायला सुरुवात केली. त्याच्या पात्राचा राग, पात्राची भीती. स्वतःविषयी जे बोलता येत नव्हते ते पात्राच्या तोंडून येऊ लागले. आज काही देशांत मानसोपचारक असे गट मुद्दाम चालवतात. आपल्याकडे बालमानसोपचारात बाहुल्या आणि चित्रे वापरतात, त्यातलाच हा प्रकार.

या सगळ्या गदारोळात खरे नुकसान काय झाले? अनेक शाळांनी खेळावर बंदी घातली. ते एक असो. १९८९ च्या नव्या आवृत्तीतून कंपनीने सैतान आणि राक्षसांची नावेच काढून टाकली आणि पुढे दुसऱ्या नावांनी परत आणली; तेही असो. पण सोळा वर्षांचा एक मुलगा मरायचे ठरवून भुयारात जातो आणि परत येतो, त्यानंतर सारा देश चर्चा करतो ती ड्रॅगनची. त्याच्या नैराश्याबद्दल कोणी फारसे बोलले नाही, आणि मध्ये पूर्ण अकरा महिने हातात होते.

आपणही याहून शहाणे ठरलो असे नाही. २०१७ मध्ये 'ब्लू व्हेल' नावाने महाराष्ट्रात, देशभरात काय वातावरण झाले होते आठवा. किशोरवयीन मुलाची प्रत्येक आत्महत्या त्या खेळाच्या खात्यावर टाकली जात होती. जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारने संसदेत सांगितले की तपासात यांपैकी एकाही मृत्यूचा संबंध त्या खेळाशी सिद्ध झालेला नाही. ही बातमी तुमच्यापैकी किती जणांनी वाचली होती?

तर त्या बाईंकडे परत येतो. मी मुलाला विचारले, "तुझं पात्र कोण?" तो आधी आईकडे पाहत राहिला, मग दहा मिनिटे थांबलाच नाही. पात्र वैद्याचे होते, जखमी साथीदारांना बरे करणारे. झोप ठीक, भूक ठीक, मार्क नेहमीसारखे, शनिवारची वाट पाहणारा मुलगा. मी बाईंना सांगितले, काळजी करण्यासारखे सध्या काही नाही. मात्र हाच मुलगा एखाद्या शनिवारी "मला नाही जायचं" म्हणाला आणि पुढचे दोन-तीन आठवडेही तेच म्हणाला, मित्रांचे फोन घेईनासा झाला, रात्री जागा राहू लागला, आवडती वस्तू कोणाला देऊन टाकू लागला, "मी नसतो तर बरं झालं असतं" असे बोलला, तर लगेच घेऊन या. तेव्हा "मरावंसं वाटतं का?" असे सरळ विचारायलाही घाबरू नका, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. रात्री-अपरात्री कोणी हाताशी नसेल तर सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येते.

बाईंनी फासे गोळा करून पिशवीत भरले. वीस बाजूंचा तेवढा सापडेना. तो वजनकाट्याखाली गेला होता. मुलगा वाकून तो काढत असताना त्यांनी मला हळूच विचारले, "यात मोठ्यांना खेळता येतं का हो?"