जमिनीचा हिशेब आणि फुफीचा रकाना

मागच्या उन्हाळ्यात माझा भाचा लॅपटॉप घेऊन पवनानगरला आला. चिंचवडला नोकरी करतो, चार पैसे गाठीला लागलेत आणि आता त्याला जागेत पैसे गुंतवायचे आहेत. आमच्याकडे आजकाल जो येतो तो धरणाच्या कडेला जागा बघायलाच येतो. "मामू, तुम्ही मास्तर. हिशेबाला यातलं काय चांगलं ते सांगा," म्हणाला. त्याच्याकडे मोबाइलचं एक अ‍ॅप होतं, एक विकतचं सॉफ्टवेअर होतं आणि एक्सेलमध्ये त्याने स्वतः केलेला तक्ता होता.

तक्त्यात रकाने असे: गाव, गुंठे, गुंठ्याचा दर, रस्त्यापासून अंतर, धरण दिसतं का, पाच वर्षांनंतरचा दर. पहिलीच ओळ आमच्या घरच्या एका एकराची होती. चाचांची मुलं विकायचं म्हणत आहेत, म्हणून त्याने तीही घातली होती. गुंठे ४०, मालक २.

"तिसरा मालक कुठाय?" मी विचारलं.

"सातबाऱ्यावर दोनच नावं आहेत, मामू. नाना आणि छोटे नाना."

तिथून जे बोलणं सुरू झालं ते मगरिबपर्यंत चाललं. त्यातलंच थोडं इथे लिहितो. हिशेबाचं साधन कुठलं घ्यावं हा प्रश्न त्याला नवा वाटत होता, पण आपल्या मुलखात तो चारशे वर्षांहून जुना आहे.

सुरुवात दोरीपासून करू. अकबराच्या काळात जमीन मोजायला तागाची दोरी असे. ओलीने ती आखडते, उन्हात सैल होते, आणि तेवढ्याने शेतकऱ्याचा सारा कमीजास्त होतो. म्हणून दोरी काढून लोखंडी कड्यांनी जोडलेले बांबू आणले. तोडरमलाच्या मोजणीचं नाव आपण शाळेत शिकतो, पण त्यातली ही साधी गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. आधी साधनाची चूक ओळखली, मग मोजणी केली.

दख्खनमध्ये हे काम मलिक अंबरने केलं. हबशी देशातून गुलाम म्हणून आलेला हा माणूस अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला आणि १६२६ मध्ये वारला. जमिनीची प्रत पाहून सारा ठरवायचा ही त्याची पद्धत. 'मलिकंबरी धारा' हा शब्द त्याच्या मागे कितीतरी वर्षं महसुलाच्या कागदांत राहिला. पुढे शिवाजी महाराजांच्या कारकिर्दीत अण्णाजी दत्तोंनी मोजणी केली ती काठीने. पाच हात पाच मुठी म्हणजे एक काठी, वीस काठ्या औरसचौरस म्हणजे एक बिघा आणि १२० बिघ्यांचा एक चावर. माणसाच्या हाताचं माप होतं, पण काठी ठरलेली होती.

या कागदांची भाषा कशी झाली तेही पाहा. वारस, हिस्सा, हक्क, कब्जा, दस्त, नकाशा, तहसील, मौजे हे सगळे शब्द अरबी-फारसीतून आले आणि मोडी लिपीत बसले. मी वर्गात उर्दूच्या तासाला 'वारिस' शिकवतो आणि पुढच्या मराठीच्या तासाला 'वारस'. मुलं हसतात. मी सांगतो, हा शब्द आपल्याकडे पाहुणा म्हणून आलेला नाही, त्याचं नाव सातबाऱ्यावर आहे.

इंग्रज आले आणि साखळी आली. एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाने १६२० मध्ये ६६ फुटांची साखळी काढली होती. मुंबई इलाख्यात तिची निम्मी, ३३ फुटांची साखळी चालली. ३३ गुणिले ३३ म्हणजे १,०८९ चौरस फूट, तोच आपला गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. साखळीचे सोळा भाग केले होते आणि प्रत्येक भागाला आणा म्हणत.

पण साखळी नीट होती म्हणून हिशेब नीट झाला असं नाही. पुणे जिल्ह्यात १८२० च्या दशकाच्या अखेरीस पहिली मोठी मोजणी केली रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याने. इंग्लंडमधल्या अर्थशास्त्राचा सिद्धान्त घेऊन त्याने प्रत्येक प्रतीच्या जमिनीचं उत्पन्न मांडलं, त्यातून खर्च वजा केला आणि उरलेल्यातला ठरावीक हिस्सा सारा म्हणून लावला. कागदावर यापेक्षा काटेकोर हिशेब सापडायचा नाही. पण खालून येणारी माहितीच खोटी होती. मोजणीत लाचलुचपत झाली, सारा झेपेना, शेतकरी जमिनी टाकून निघून गेले. शेवटी ते काम मोडीत काढावं लागलं. मग गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी १८३५ नंतर इंदापूर तालुक्यापासून नव्याने सुरुवात केली. निव्वळ उत्पन्नाचं अवघड गणित सोडलं. मातीचा रंग आणि खोली पाहून जमिनीला आण्यांत प्रत दिली, प्रत्येक शेताला नंबर दिला, हद्दीला दगड रोवले आणि सारा तीस वर्षांसाठी बांधून दिला. साधन साधं झालं आणि टिकलं.

भाच्याला म्हटलं, तुझं विकतचं सॉफ्टवेअर म्हणजे प्रिंगलसाहेब आहेत. पाच वर्षांनंतरचा दर तू एजंटाच्या तोंडून ऐकून भरणार आणि ते दोन दशांशापर्यंत नफा काढून देणार. एजंट म्हणतो "दहा वर्षांत दुप्पट". ऐकायला मोठं वाटतं, पण चक्रवाढीने ते वर्षाला साधारण ७.२ टक्के होतात. त्यातून मुद्रांक शुल्क, नोंदणी, मोजणी, कुंपण वजा जायचं. एवढ्या हिशेबाला एक्सेल पुरतं. हे असं तक्त्याचं पहिलं सॉफ्टवेअर, व्हिसिकॅल्क, १९७९ मध्ये अमेरिकेत निघालं. त्याची करामत एवढीच की एक आकडा बदलला की बाकीचे आपोआप बदलतात. जो रकाना मांडलाच नाही, त्याबद्दल मात्र ते कधी विचारत नाही.

आता सातबारा. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा. आजचा सातबारा १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेखाली चालतो. गाव नमुना ७ मध्ये हक्क आणि १२ मध्ये पिकं, दोन्ही एका कागदावर, म्हणून सातबारा. नमुना ६ म्हणजे फेरफार, ८अ म्हणजे खातं. संहितेप्रमाणे सातबाऱ्यावरची नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरायची असते. 'उलट सिद्ध होईपर्यंत' हे शब्द लोक विसरतात. सातबारा मालकीचा अखेरचा पुरावा नाही. नावं का आली आणि का गेली हे फेरफारात असतं.

आमच्या एकराचा फेरफार मी बीएड झाल्यावर पहिल्यांदा वाचला. आजोबांच्या मागे आजी, दोन मुलगे आणि एक मुलगी. मुलीने, म्हणजे माझ्या फुफीने, हक्क सोडून दिल्याची नोंद होती. त्या दिवशी घरी बिर्याणी झाली होती आणि फुफीला साडी दिली होती, एवढं मला लहानपणचं आठवतं. आम्हा मुलांना वाटलं, कसला तरी सण आहे.

हिस्से मांडणं आपल्याला जड नव्हतं. ज्या बीजगणिताला जग अलजिब्रा म्हणतं ते नाव अल-ख्वारिझ्मीच्या ग्रंथावरून आलं. इसवी सन ८२० च्या आसपास बगदादमध्ये लिहिलेल्या त्या ग्रंथाचा मोठा भाग वारसाहक्काच्या आणि मृत्युपत्राच्या उदाहरणांचा आहे, आणि एक भाग जमिनीच्या मोजमापाचा. म्हणजे वारसांचे हिस्से नीट पडावेत हे बीजगणिताचं एक मोठं काम होतं. त्याच रीतीने आमचा एकर मांडा. बायकोला आठवा हिस्सा, म्हणजे ४० पैकी ५ गुंठे. उरले ३५. मुलाला दोन, मुलीला एक या प्रमाणात दोन मुलगे आणि एक मुलगी मिळून पाच वाटे, एक वाटा ७ गुंठ्यांचा. मुलग्यांना १४-१४, मुलीला ७. पाच, चौदा, चौदा आणि सात मिळून चाळीस. पुढे आजी गेली, तिच्या ५ गुंठ्यांतले दोन-दोन मुलग्यांना, एक मुलीला. आता १६, १६ आणि ८. पुन्हा चाळीसच. चौथीतल्या मुलालाही जमेल. आमच्या घरात हाफिज होते, जमाखर्च लिहिणारे होते, तरी हे गणित कुणी कागदावर मांडलं नाही.

आणि मी तरी काय केलं? अब्बांना जाऊन सहा वर्षं झाली. वारसाची माहिती तीन महिन्यांत तलाठ्याकडे द्यायची असते. मी दिली नाही. अम्मी आधीच गेली होती, म्हणजे वारस दोघेच, मी आणि आपा. अब्बांच्या १६ गुंठ्यांत आपाचा तिसरा हिस्सा. भाच्याला म्हटलं, "बाळा, तुझ्या तक्त्यात तुझ्या आईचंच नाव नाही." त्याने गुणाकार करून पाहिला, ५,८०८ चौरस फूट. मग लॅपटॉप थोडा माझ्याकडे सरकवला.

पवनेच्या काठी नाव गळणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. धरण १९७२ मध्ये पुरं झालं, पाणी पिंपरी-चिंचवडला गेलं, आणि उठलेल्या कुटुंबांतली अनेक पुनर्वसनाच्या यादीत नाव लागावं म्हणून वर्षानुवर्षं कचेऱ्यांच्या पायऱ्या चढत राहिली. बंद जलवाहिनीच्या विरोधात ९ ऑगस्ट २०११ ला द्रुतगती मार्गावर बौरजवळ शेतकरी उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघे गेले, त्यांत एक बाई होती. म्हणून इथे जागा घेताना 'धरण दिसतं का' या रकान्याआधी दुसरे रकाने यायला हवेत. जमीन भोगवटादार वर्ग १ ची आहे की २ ची? वर्ग २ असेल तर परवानगीशिवाय व्यवहार होत नाही, आणि पुनर्वसनात मिळालेल्या जमिनी बहुधा त्यात येतात. धरणासाठी संपादित झालेला तुकडा तर नाही? घेणारा स्वतः शेतकरी आहे का? नसेल तर शेतजमीन त्याच्या नावावर सहज होत नाही.

तेव्हा साधनांचा क्रम मी त्याला असा लावून दिला. आधी मिळतील तितके जुने सातबारे, फेरफार आणि ८अ, तारखेप्रमाणे एका फाइलीत. मग शजरा, म्हणजे वंशावळ, एका कोऱ्या कागदावर, मुलींच्या नावांसकट आणि प्रत्येकाच्या हिश्श्याच्या अपूर्णांकासकट. मग मोजणीचा नकाशा, भूमी अभिलेखची 'क' प्रत. इथे एक खाचखळगा आहे. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं आणि बोलण्यात गुंठा. एक आर म्हणजे १,०७६.३९ चौरस फूट, गुंठ्यापेक्षा जवळजवळ तेरा फूट कमी. वीस आर हे वीस गुंठे समजून पैसे मोजले तर अडीचशे चौरस फुटांचे पैसे हवेत जातात. एवढं झाल्यावर एक्सेल. अ‍ॅप सगळ्यात शेवटी, तेही फोटो आणि तारखा ठेवायला.

वारसनोंदीचा अर्ज मी त्याच आठवड्यात दिला, आपाचं नाव घालून. फुफीचं मात्र अवघड आहे. कायद्याने तिची सही पक्की आहे आणि चाचांची मुलं तेच म्हणतात. आमच्या बाजूने तिचे चार गुंठे येतात. ते द्यायला मी आणि आपा तयार आहोत. त्यांच्या बाजूचे चार अजून बोलण्यातच आहेत.

तक्त्याची छापील प्रत घेऊन मी आणि भाचा तळेगावला फुफीकडे गेलो. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून तिच्या नावासमोर मी उर्दूत 'आठ गुंठे' लिहून नेलं होतं. तिने चष्मा लावून वाचलं. म्हणाली, "आठ म्हणजे कुठून कुठपर्यंत?" मी म्हटलं, आंब्यापासून विहिरीपर्यंत धरा.

"मग विहीर कुणाकडे येते?"

तक्त्यात विहिरीचा रकाना नव्हता. भाच्याने तिथेच बसून घातला. त्यात काय लिहायचं ते अजून ठरायचं आहे.