माग आणि वर्दी

घोड आणि भीमा यांच्या काठच्या मुलखात, म्हणजे आजच्या शिरूर आणि दौंड तालुक्यांत, चोरी ही पूर्वी एकट्या घरधन्याची बाब नव्हती. चोरी झाल्याची हाक उठली की गावचा रामोशी चोराच्या पावलांचा माग धरून निघे. माग शिवेपलीकडे गेला की तो पुढच्या गावच्या राखणदाराच्या हवाली होई आणि जबाबदारीही शीव ओलांडून त्या गावावर जाई. जिथे माग हरपला, त्या गावाने चोर हजर करायचा किंवा भरपाई द्यायची. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने 1819 च्या आपल्या अहवालात या व्यवस्थेची दखल घेतली आहे. ही सगळी रचना ज्याची चोरी झाली त्याच्या तत्परतेवर उभी होती. त्याने ओरड केली नाही, तर गुरं रानात जाईपर्यंत पावलं पुसली जात आणि पुढची साखळी जुळतच नसे. बंदूक चोरीला गेली तर मालकाने वर्दी दिलीच पाहिजे, असं कायद्याने सांगावं का, या आजच्या प्रश्नाचं उत्तर मला या जुन्या रीतीत सापडतं. सांगावं, आणि स्पष्ट सांगावं.

या मताला सर्वांत वजनदार आक्षेप इतिहासाचाच आहे. आपल्याकडे शस्त्रांचा कायदा अविश्वासातून आला. शिरूरला इंग्रजांची छावणी होती. 31 डिसेंबर 1817 च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी कोरेगावकडे निघाली ती इथूनच. 1857 नंतर सरकारला रयतेच्या हातातल्या शस्त्राचं भय बसलं. मे 1875 मध्ये भीमथडी तालुक्यातल्या सुप्यात सावकारांविरुद्ध उठाव झाला आणि तो शिरूरकडेही पसरला. त्या शेतकऱ्यांचा रोख माणसांवर नव्हता, कर्जरोख्यांवर होता; तरी बंदोबस्ताला फौज आणावी लागली. लिटनच्या कारकिर्दीत 1878 चा शस्त्र कायदा झाला. त्यात परवान्याची सक्ती हिंदी माणसाला होती, युरोपियनांना सूट होती. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी 1879 मध्ये, वासुदेव बळवंत फडक्यांनी पहिला छापा घातला तो शिरूर तालुक्यातल्या धामारी गावावर. अशा कायद्याच्या पोटी आलेली वर्दीची सक्ती स्वतंत्र देशाने का पाळावी, असं कोणी विचारलं तर त्यात तथ्य नाही असं म्हणता येत नाही.

पण कायद्याने लादलेला पक्षपात आणि कायद्याने उचललेलं कर्तव्य या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या पाहिजेत. 1878 च्या कायद्याच्या 28 व्या कलमाने, शस्त्रांबाबतचा गुन्हा ज्याला ठाऊक असेल त्याने तो जवळच्या पोलिसाला किंवा मॅजिस्ट्रेटला कळवावा, असं बंधन घातलं. रेल्वेच्या नोकरांवर तर वेगळी जबाबदारी टाकली. एखाद्या पेटीत वा गाठोड्यात बेकायदा शस्त्रं असल्याचा संशय आला तर त्यांनी वर्दी द्यायची होती. दौंड–मनमाड मार्ग त्याच वर्षी सुरू झाला. दौंड जंक्शनवरून माल चहूकडे जाऊ लागला, तेव्हा पावलांचा माग फलाटावरच संपणार हे उघड होतं. चोरी शिवेच्या वेगाने नव्हे, आगगाडीच्या वेगाने दूर जाऊ लागली, म्हणून वर्दीची निकड वाढली. स्वतंत्र भारताने 1959 च्या कायद्यात वंशाचा भेद ठेवला नाही, पण हे कर्तव्य 36 व्या कलमात ठेवलं. शिवाय शस्त्र चोरीला गेलं किंवा हरवलं तर विनाविलंब जवळच्या ठाण्यात कळवावं, ही परवान्याची अट आहे.

दुसरा आक्षेप रोजच्या व्यवहारातला आहे: चोर तर वर्दी देणार नाही, मग बोजा फक्त सरळ माणसावर का? ज्याची बंदूक गेली त्यालाच आरोपी कशाला करायचं? हा आक्षेप बंदुकीला दागिन्यासारखा धरतो. दागिना गेला तर नुकसान मालकाचं होतं. बंदूक गेली तर ते कोणाचं होईल हे कोणालाच सांगता येत नाही. कारखान्यावरच्या पहारेकऱ्याची असो की पीकसंरक्षणासाठी शेतकऱ्याने घेतलेली असो, तिच्यावर क्रमांक असतो आणि तो परवान्यात लिहिलेला असतो. ती कुठे गुन्ह्यात सापडली तर तपास त्या क्रमांकावरून मालकाच्या दाराशी येतो. वर्दी नसेल तर तिथेच माग हरपतो, आणि जुन्या न्यायाने पाहिलं तर जिथे माग हरपतो तिथेच बोजा राहतो. वर्दी असेल तर मालक त्यातून मोकळा होतो. म्हणजे ही सक्ती सरळ माणसाविरुद्ध नाही, त्याची साक्ष आहे. उलट, बंदूक गुपचूप विकून ‘चोरीला गेली’ म्हणणाऱ्याची अडचण तिने होते, कारण चोरी कधी, कुठून झाली हे त्याला वेळेवर लिहून द्यावं लागतं.

तिसरा आक्षेप मात्र मान्य केला पाहिजे. माळ्यावरच्या पेटीतली बंदूक कधी गेली हे मालकाला महिनोन्महिने कळत नाही. निवडणुकीत शस्त्र ठाण्यात जमा करायची वेळ येते तेव्हा पेटी उघडली जाते. अशा माणसाला ‘विनाविलंब’ या शब्दावर पकडणं अन्यायाचं होईल, आणि शब्द सैल असला की तो दुबळ्यावरच घट्ट आवळला जातो. अमेरिकेत बंदुकीच्या परवानाधारक विक्रेत्याला चोरी लक्षात आल्यापासून 48 तासांत कळवावं लागतं. मुदत मोजायची ती लक्षात आल्यापासून, हे तत्त्व आपल्याही नियमांत लिहावं; मुदत 24 तासांची असावी, आणि तिच्या आत येणाऱ्यावर केवळ चोरी झाली म्हणून कारवाई होऊ नये. ठाण्यानेही त्याला हेलपाटे न घालायला लावता तिथल्या तिथे पोच द्यावी. परक्या सरकारने वर्दी घेतली, पण देणाऱ्यावरचा विश्वास काढून घेतला. आपल्याला तो परत द्यायचा आहे. पूर्वी माग शिवेपार गेला की गाव सुटे; आता पोच हातात पडली की मालक सुटला पाहिजे, आणि पुढची वाट पोलिसांनी चालली पाहिजे.