सोनमाशांचा तंटा

होळी होऊन दोनचार दिवस झाले असतील. चहाचा पेला हाती घेऊन मी वर्तमानपत्र उघडतो न उघडतो तोच धाकटी नात धावत आली आणि म्हणाली, "आजोबा, लाल्या चांदणीला मारतोय!"

लाल्या आणि चांदणी ही आमच्या काचपेटीतल्या सोनमाशांची नावे. लाल्या सडपातळ, लांब शेपटीचा आणि चपळ. चांदणी पांढरीशुभ्र, पोट सुटलेली, डोक्यावर तांबडी टोपी घातल्यासारखी. जाऊन पाहतो तो खरेच! लाल्या तिच्या पाठीशी हात धुऊन लागला होता. तिच्या पोटाला ढुशा देत होता, तिला कोपऱ्यात कोंडत होता. त्याच्या कल्ल्यांच्या झाकणांवर मोहरीहून बारीक पांढरे ठिपके उठलेले दिसले. मासा रोगट झाला आणि म्हणून पिसाळला, असे मी ठरवले. पाच मिनिटांत निवाडा उरकून लाल्याची रवानगी लोणच्याच्या एका रिकाम्या बरणीत केली.

हा निवाडा कितपत बरोबर होता हे पाहण्यासाठी मग मी पुस्तके काढली, आणि वाचता वाचता पार चीन देशात जाऊन पोहोचलो.

सोनमासा मूळचा सोन्याचा नव्हे. चीनच्या नद्यांत आणि डबक्यांत राहणारा, करड्या-हिरवट अंगाचा, कोणी वळूनही पाहू नये असा एक मासा हा त्याचा पूर्वज. आपल्या रोहू-कटल्याचा तो दूरचा भाऊबंद. त्याच्या पोटी क्वचित एखादे तांबूस पिल्लू निपजे. उघड्या पाण्यात असल्या पिल्लाचे आयुष्य ते किती! बगळ्याला ते सर्वांआधी दिसायचे. पण बौद्ध मठांच्या आवारात जीवदानाची तळी असत. भाविक लोक बाजारातून जिवंत मासे विकत घेऊन त्यांत सोडत आणि तेथे त्यांना कोणी धरीत नसे. अशा अभयात तांबडे-सोनेरी मासे तगले. सुंग घराण्याच्या काळात, म्हणजे अकराव्या शतकापर्यंत, हांगचौच्या सोनेरी माशांचे कौतुक कवीही करू लागले होते. पुढे ११६२ साली सम्राट गावझुंगाने गादी सोडली आणि तो ज्या महालात राहायला गेला, तेथेही या माशांसाठी तळे होते.

राजाचा छंद म्हटला की त्याचा धंदा व्हायला वेळ लागत नाही. तेराव्या शतकाच्या आरंभीचा लेखक युए ख लिहितो की, राजधानीत मासे सोनेरी करून देणारे लोक आहेत, पण युक्ती विचारावी तर सांगत नाहीत. गटारातले लाल किडे खाऊ घालतात असे म्हणतात. आपल्याकडच्या हलवायाला पाकाचे रहस्य विचारून पाहावे, तसलाच हा प्रकार!

येथवर मासा तळ्यात होता. तळ्यात पाणी मुबलक, लपायला गवत आणि पळायला जागा. एकाने दुसऱ्याचा पाठलाग केला तरी पुढचा निसटून जाई. माशाचे दैव फिरले ते सोळाव्या शतकात, तो तळ्यातून रांजणात आला तेव्हा. हांगचौचा लांग यिंग या लेखकाने त्या दिवसांची मोठी गमतीची नोंद केली आहे. १५४८ सालापासून अंगाराच्या रंगाचा एक मासा निघाला. तो न आवडणारा माणूस नाही आणि तो नसलेले घर नाही. रंगांची चढाओढ, नफ्याची चढाओढ, आणि कोणाकोणाकडे तर दहादहा रांजण! ही नोंद वाचून मला हसू आले. रांजणातल्या माशांच्या आधी रांजणांच्या मालकांतच झुंज लागली होती म्हणायची.

त्या चढाओढीचा कायदाच १५९६ साली झांग छियानदे याने लिहून ठेवला. सोनमाशांवरचा हा पहिला स्वतंत्र ग्रंथ, आणि लेखकाचे वय अवघे एकोणीस! तो सांगतो की मासे पुष्कळ जमवावेत, ते वेगवेगळ्या भांड्यांत ठेवावेत, दररोज पाहून हिणकस ते काढून टाकावेत आणि शंभरांतून एकदोनच राखावेत. म्हणजे नवनवे प्रकार आपोआप निघतात. शीसान चेन या चिनी प्राणिशास्त्रज्ञाने जुने ग्रंथ चाळून १९५६ साली सोनमाशाचा जो इतिहास लिहिला, त्यात या निवडीला मोठे महत्त्व दिले आहे. तळ्यात पोहता येत नाही तो मासा मरतो. रांजणात त्यालाच हाताने खाऊ मिळतो. अशा रीतीने दुहेरी शेपटीचे, फुगीर पोटाचे, पाठीचा पर नसलेले, बटबटीत डोळ्यांचे मासे घडत गेले. एका जातीचे डोळे तर सदा आकाशाकडे लागलेले असतात, तिला समोरचे अन्न दिसायची मारामार. दुसरीच्या डोळ्यांखाली पाण्याने भरलेल्या नाजूक पिशव्या लोंबतात.

आणि मग आपण काय करतो? यांतलाच एक लठ्ठ, आंधळेपणाकडे झुकलेला मासा आणि एक तीरासारखा पळणारा मासा रंगांचा मेळ साधला म्हणून एकाच पेटीत टाकतो. खाणे पडताच चपळ मासा ते पटकावतो आणि दुसरा उपाशी राहतो. त्याला आपण दांडगाई म्हणतो. चांदणी आणि लाल्या यांची जोडी मी अशीच लावली होती. शहाणे लोक सडपातळ आणि गोल माशांची बिऱ्हाडे वेगळी ठेवतात. ते जमत नसेल तर निदान दोन टोकांना दोन ठिकाणी खाणे टाकावे.

युरोपात हा मासा सतराव्या-अठराव्या शतकांत पोहोचला आणि १७५८ साली लिनियसने त्याला शास्त्रीय नाव दिले. तेथे तो रांजणातून काचेच्या गोल भांड्यात गेला. ते भांडे माणसाच्या डोळ्यांच्या सोयीचे, माशाच्या नव्हे. लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली दोन सोनमासे, पाणवनस्पती आणि गोगलगाई एकत्र ठेवून पाणी कसे निर्मळ राहते ते प्रसिद्ध केले, तेव्हापासून घरगुती मत्स्यालयाला थोडे शास्त्र आले. गोल भांडे मात्र काही हटले नाही.

मासे भांडतात तर एकेकटे ठेवावेत, असे कोणी म्हणेल. मीही बरणी काढली ती याच बुद्धीने. पण शिकागोच्या ॲली या प्राणिशास्त्रज्ञाने १९३२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. चांदीचे विषारी सूक्ष्म कण मिसळलेल्या पाण्यात त्याने काही सोनमासे एकेकटे ठेवले आणि तेवढ्याच पाण्यात दहा मासे एकत्र ठेवले. एकत्र राहिलेले अधिक वेळ जगले, कारण दहांच्या अंगचा बुळबुळीत स्राव मिळून विष बरेचसे खाली बसवीत होता. हा जीव एकांताचा नव्हे.

आता त्या पांढऱ्या ठिपक्यांविषयी. ते रोगाचे नव्हतेच. थंडी सरून पाणी ऊबदार होऊ लागले की वयात आलेल्या नराच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या कडेवर असे दाणे उठतात. मादीच्या पोटात गाबोळी तयार झाली की नर तिच्या मागे धावतो आणि ढुशा देतो, तेव्हाच ती पाणवनस्पतींवर अंडी टाकते. १९८०च्या दशकात पीटर सोरेन्सन आणि नॉर्मन स्टेसी या संशोधकांनी दाखवून दिले की मादीच्या शरीरातले काही रस पाण्यात उतरतात आणि त्यांच्याच वासाने नर नादावतो. त्या वासातला एक घटक तर नरांना एकमेकांच्या अंगावर धाडतो, असे २००१ साली दिसून आले. म्हणजे तंटा झाला तरी त्याचे कारण पाण्यात विरघळलेले! अशा वेळी नराला हद्दपार करायचे नसते. पेटीत मध्ये जाळी सरकवून मादीला दोन दिवस विसावा द्यायचा असतो, मागे लागणारे नर अनेक असतील तर माद्या वाढवायच्या असतात, आणि मुळात पेटी मोठी घ्यायची असते.

हे सारे मला तिसऱ्या दिवशी कळले. त्याच सकाळी लाल्या बरणीत पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकीत होता आणि दुपारपर्यंत गेला. बरणीतले पाणी किती वाईट झाले होते ते ओतून देताना वासावरूनच समजले. संध्याकाळी पेटीतल्या वनस्पती धुवायला काढल्या, तेव्हा सूनबाईंना पानांना चिकटलेले राजगिऱ्याएवढे पारदर्शक मणी दिसले. पुष्कळसे चांदणीने आधीच गट्ट केले होते. उरलेले आम्ही परातीत वेगळे ठेवले.

नातीला मी खरे ते सांगितले. ती बराच वेळ बोलली नाही.

पिल्ले निघाली, त्यांतली दोन जगली. दोन्ही करडी-हिरवट, चिनी डबक्यातल्या पूर्वजासारखी. श्रावणात एकाच्या पाठीवर तांबूस झाक आली आणि दसऱ्यापर्यंत ते पुरते केशरी झाले. दुसरे अजून करडेच आहे. ते तसेच राहील असे जाणकार म्हणतात. नातीने नाव ठेवले आहे ते त्याचेच: लाल्या.