कुळाचा शोध

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये, असं आपल्याकडे म्हणतात. आयर्लंडमध्ये मात्र कूळ शोधायला जगभरातून माणसं येतात. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया... हातात एक आडनाव, एका काउंटीचं (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखंच) नाव आणि आजीकडून ऐकलेली एखादी गोष्ट, एवढंच भांडवल. आणि शोधायचं काय, तर पावणेदोनशे वर्षांपूर्वी गेलेल्या कुणा शेतकऱ्याचं थडगं!

माझा या शोधाशी संबंध आला तो विहीणबाईंमुळे. माझी धाकटी सून आयरिश, कॉर्क काउंटीतली. नातेवाइकांना हे ठाऊक आहेच, बाकीच्यांसाठी सांगितलं. विहीणबाई माझ्याच वयाच्या, सत्तरी ओलांडलेल्या. त्यांच्या मनात एकच होतं : आपल्या पणजोबांचं आणि खापरपणजोबांचं थडगं डोळे मिटायच्या आत बघायचं. मी उन्हाळ्यात तीन महिने तिथे होते, आणि शाळेत इतिहास शिकवलेली. त्यांनी मला हाताशी धरलं.

हे काम अवघड का, तर त्याचं मोठं कारण एका तारखेत आहे : ३० जून १९२२. डब्लिनला लिफी नदीच्या काठी 'फोर कोर्ट्स' ही न्यायालयाची इमारत आहे. तिच्याच आवारात देशाचा दफ्तरखाना होता. ब्रिटनशी झालेला तह ज्यांना मान्य नव्हता, त्यांनी एप्रिलमध्ये ती जागा ताब्यात घेतली. २८ जूनला नव्या सरकारच्या सैन्याने तोफा डागायला सुरुवात केली आणि ३० तारखेला प्रचंड स्फोट होऊन दफ्तरखाना पेटला. अर्धवट जळालेले कागद शहरभर उडत होते म्हणे. १८२१ ते १८५१ या चार शिरगणत्या जवळजवळ सगळ्या त्यात गेल्या. पुढच्या चारांचं काय? १८६१ आणि १८७१ च्या सरकारनेच नष्ट केल्या होत्या, आणि १८८१ व १८९१ च्या पहिल्या महायुद्धाच्या काळात लगदा करून टाकल्या. त्यामुळे आज पूर्ण हाती असलेली सर्वांत जुनी शिरगणती १९०१ ची.

आता यातली गंमत बघा. प्रॉटेस्टंट 'चर्च ऑफ आयर्लंड' हे १८७१ पर्यंत राज्याचं अधिकृत चर्च होतं. त्यामुळे त्याच्या नोंदवह्या सरकारी दस्तऐवज ठरल्या, पुष्कळशा दफ्तरखान्यात नीट जपून ठेवल्या गेल्या, आणि जळाल्या. कॅथलिकांच्या वह्यांना सरकारलेखी किंमत नव्हती. त्या गावोगावच्या पाद्र्यांच्या घरी पडून राहिल्या, आणि वाचल्या! आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ मध्ये त्यांची छायाचित्रं जालावर सर्वांसाठी फुकट ठेवली. विहीणबाईंचं घराणं कॅथलिक, म्हणून आमचं थोडंफार निभावलं.

१९०१ आणि १९११ च्या शिरगणत्याही जालावर आहेत. माणसांची नावं, वयं, धर्म, लिहिता-वाचता येतं का, आयरिश भाषा येते का, इतकंच नाही तर घराला दर्शनी खिडक्या किती आणि छप्पर गवताचं की कसलं, हेही त्यात लिहिलेलं. विहीणबाईंचे पणजोबा १९०१ मध्ये ५४ वर्षांचे होते आणि १९११ मध्ये ७० वर्षांचे! दहा वर्षांत सोळा वर्षांनी म्हातारे. कारण मजेशीर आहे. सत्तरी गाठलेल्यांना निवृत्तिवेतन देण्याचा कायदा १९०८ मध्ये झाला आणि जानेवारी १९०९ पासून पैसे मिळू लागले. जन्माची सरकारी नोंद सुरू झाली १८६४ मध्ये, त्यामुळे म्हाताऱ्यांकडे दाखला कुठला? मग १८४१ आणि १८५१ च्या शिरगणतीत नाव शोधून वय सिद्ध करायचं. त्या शोधाचे अर्ज पुष्कळ शिल्लक आहेत. मूळ शिरगणती जळाली, पण पेन्शनसाठी तिच्यातून उतरवून घेतलेल्या चार ओळी राहिल्या. पणजोबांचा बाप्तिस्मा मात्र आम्हाला चर्चच्या वहीतच मिळाला, १८४३ चा.

१९११ च्या तक्त्यात आणखी एक रकाना आहे. विवाहित बाईला जिवंत जन्मलेली मुलं किती आणि त्यातली आज हयात किती. पणजीच्या नावापुढे लिहिलं होतं : ९ आणि ६. तीन गेलेल्यांपैकी दोघांचे बाप्तिस्मे सापडले, तिसऱ्याचा नाही. विहीणबाई बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "ते किलीनमध्ये असेल." किलीन म्हणजे बाप्तिस्म्याआधीच गेलेल्या बाळांना पुरायची जागा. पवित्र केलेल्या दफनभूमीत त्यांना प्रवेश नसे. मग शेताच्या कडेला, पडक्या देवळाशी, समुद्राकाठी, बहुधा रात्री बाप किंवा शेजारी पुरून येई आणि वर एक ओबडधोबड दगड ठेवी. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे चालू होतं. आपल्याकडेही तान्ह्या बाळाला अग्नी देत नाहीत, पुरतात, आणि त्या जागेबद्दल घरात कुणी बोलत नाही. मी त्यांना हे सांगितलं. त्यांनी माझा हात धरला, बोलल्या काही नाहीत.

पणजोबांचं थडगं सापडलं. सरकारी मृत्युनोंदीत तारीख, वय, आजार, खबर देणाऱ्याचं नाव सगळं असतं, फक्त कुठे पुरलं ते नसतं! पण तिथे माणूस मेला की घराण्याच्या जुन्या जागेतच नेतात. पडक्या मठाभोवतीची दफनभूमी, गुडघाभर गवत. दगडावरची अक्षरं दुपारी वाचता येत नाहीत. संध्याकाळी ऊन तिरपं पडलं की खाचांत सावली भरते आणि नाव उठून दिसतं. दगड घासू नये, खडूही लावू नये. नावाखाली त्यांच्या टाउनलँडचं नाव होतं. टाउनलँड म्हणजे आपल्या वाडीसारखी लहान वस्ती. देशात अशा साठ हजारांवर आहेत, आणि ते नाव कळलं नाही तर शोध पुढे सरकतच नाही.

खापरपणजोबांसाठी आम्ही रिचर्ड ग्रिफिथच्या याद्यांकडे वळलो. १८४७ ते १८६४ या काळात या गृहस्थांनी करआकारणीसाठी साऱ्या देशातली घरं आणि जमिनी मोजून घेतल्या. जमीन कोण कसतो, मालक कोण, क्षेत्र किती, आकार किती. थोडक्यात, आपला सातबारा. याद्या छापलेल्या असल्यामुळे आगीतून वाचल्या. मला आपल्या भाषेचं नवल वाटलं. वंश तो कूळ आणि दुसऱ्याची जमीन कसणारा तोही कूळच. या माणसांचं कूळ सापडतं ते कुळांच्या यादीत! राजेरजवाड्यांच्या वंशावळी भाट लिहितात, गरिबाची लिहितो तो करवसुली करणारा.

यादीत त्यांच्या टाउनलँडखाली ते आडनाव होतं, पण पुरुषाचं नाही. नाव होतं खापरपणजीचं. फक्त घर, जमीन नाही. म्हणजे १८४३ मध्ये मुलाच्या बाप्तिस्म्याला हजर असलेला बाप दहा वर्षांनी नव्हता. मध्ये काय घडलं ते सांगायला नको. १८४५ ला बटाट्यावर रोग पडला आणि दुष्काळ १८५२ पर्यंत चालला. सुमारे दहा लाख माणसं मेली, दहा लाखांहून जास्त देश सोडून गेली. १८४१ ला ८२ लाख असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये ६५ लाखांवर आली, आणि त्या बेटावर आजही १८४१ एवढी माणसं नाहीत. १८४७ च्या कायद्यात कलम होतं की पाव एकराहून जास्त जमीन धरणाऱ्याला सरकारी मदत नाही. पोटासाठी जमीन सोडलेली अशी कितीतरी घरं होती.

त्या भागातले दुष्काळात मेलेले लोक स्किबरीन गावाबाहेर, आयलन नदीकाठी ॲबीस्ट्रूरीच्या दफनभूमीत आहेत. आठ ते दहा हजार, मोठमोठ्या खड्ड्यांत, बिननावाचे. पेट्या पुरत नव्हत्या म्हणून तळ उघडणारी पेटी करून तीच पुन्हा पुन्हा वापरत. आज तिथे नुसती हिरवळ आहे. विहीणबाईंनी जपमाळ काढली. नंतर मला विचारलं, "तुमच्याकडे थडगं नसतं, मग तुम्ही कुठे जाता?"

मी सांगितलं, आम्ही नदीवर जातो. ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या आहे. आणि तर्पण करताना ज्यांच्या मागे कुणीच उरलं नाही, त्यांच्यासाठीही पाणी सोडतात. त्या म्हणाल्या, "हे बरं आहे. इथेही तसंच चालेल." आणि त्यांनी त्या हिरवळीला खापरपणजोबांचं थडगं मानलं. कागदाचा पुरावा नाही. पण मला ते पटलं.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. त्यांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचं माहेरचं आडनाव असतं. त्या खापरपणजीचं माहेरही आम्हाला त्यामुळेच कळलं. माझ्या माहेरच्या घराण्याची नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे वही आहे. तिच्यात पुरुषांच्या सात पिढ्या आहेत. बायकांची नावं मोजकी, आणि तीही सासरी ठेवलेली. तिथे आग लागली नाही, लिहिलंच नाही कुणी.

नातीला दोन्ही घराण्यांचा तक्ता करून दिलाय. आयरिश बाजू तिच्या खापरपणजीच्याही मागे जाते, आपल्या बाजूला बायकांच्या चौकटी रिकाम्या आहेत. तेव्हा हे वाचणाऱ्या भाच्या-पुतण्यांनो, घरात ऐंशी-नव्वदीचं कुणी असेल तर या रविवारी जाऊन बसा आणि विचारा, त्यांच्या आईचं लग्नाआधीचं नाव काय होतं, गाव कोणतं. आणि मला कळवा. पेन्सिलीने का होईना, चौकटी भरायला घेतल्या आहेत.