४. काफिरिस्तान

हिंदुकुशच्या दक्षिण उतारांवरचा दुर्गम डोंगरी मुलूख. आजच्या अफगाणिस्तानातील नूरिस्तान. येथील लोक आपल्या जुन्या देवदेवतांच्या लाकडी मूर्ती पूजत, म्हणून शेजारचे मुसलमान त्यांना ‘काफिर’ म्हणत. हे नाव त्यांनी स्वतः घेतलेले नव्हे, हे वाचताना विसरू नये. मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगच्या १८८८ मधील कथेतले ड्रावट आणि कार्नेहन हे दोन भामटे राजे होण्यासाठी इथेच निघतात: एक वेडा फकीर, दुसरा त्याचा नोकर, आणि उंटांवर मातीच्या बाहुल्यांखाली दडवलेल्या वीस मार्टिनी बंदुका. १८९५-९६ च्या हिवाळ्यात अमीर अब्दुर रहमानने हा मुलूख जिंकून रहिवाशांना इस्लाम स्वीकारायला लावला. ‘नूरिस्तान’ हे नाव त्यानंतरचे.